तिथीची पाऊणपट

एप्रिल उतरणीला लागला की माझ्या फोनवर वहिनीचा एक फोटो येतो. त्यात वहिनी नसते. किराणा दुकानातून फुकट मिळालेल्या कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान ती फाडते, उलटं करते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनाने आमची सुट्टी लिहून काढते. आठ दिवसांच्या आठ ओळी. वार, तिथी, घड्याळातली एक वेळ, कुठे जायचं आणि त्या दिवशी घरी काय शिजणार. माझा नवरा त्याला हुकूमनामा म्हणतो आणि निमूटपणे पाळतो. या वर्षीचा फोटो काल संध्याकाळी आला. मी नववीचे गणिताचे पेपर बाजूला सारले, चष्मा पुसला आणि सोमवारच्या ओळीपाशी इतका वेळ थांबले की गॅसवरचं दूध उतू गेलं.

तिथे काय लिहिलं होतं ते सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात जावं लागेल.

माझं माहेर केरीचं, पेडण्यातलं. गोवा वर जाऊन जिथे संपतो, तिथे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला तेरेखोल नदी असं आमचं गाव बसलंय. मागच्या दारी नळावर उभं राहिलं की माडांच्या फटीतून नदीचं मुख दिसतं आणि पलीकडच्या डोंगरावर तेरेखोलचा किल्ला. घरात बाबा, दादा आणि वहिनी. बाबांनी आयुष्यभर गावात दुकान चालवलं, आता ब्याऐंशीचे आहेत आणि वेळेचे फार पक्के. साडेबाराला गोळी, एकला गरम भात. दादा पेडण्याला कचेरीत. आणि आम्ही चौघं, मी, नवरा, मुलगी आणि मुलगा, दर मे महिन्यात पुण्याहून आठ दिवस जाऊन पडतो. पडतो हाच शब्द बरोबर आहे, कारण मी तिथे इकडची काडी तिकडे करत नाही. माहेरवाशीण ना मी.

वहिनी डिचोलीकडची, शिरगावची. खाणींचा गाव. तिच्या लहानपणी दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत तांबूस व्हायचे, असं ती सांगते. समुद्र तिने लग्न ठरल्यावर नीट पाहिला. आमच्या घरी आली तेव्हा भरती कुठली नि ओहोटी कुठली हे तिला कळत नव्हतं, आणि मी, तेव्हा कॉलेजात जाणारी आगाऊ पोरगी, तिला त्यावरून चिडवायचे. आई तेव्हा होती. आईने तिला एक दिवस नळाजवळ बसवून हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढ्या वाजता पाणी भरलेलं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. तिथून सहा तास पुढे गेलं की ओहोटी. आईला हे तिच्या सासूने शिकवलं होतं. मलाही शिकवलं असणार, पण मी विसरले. मी पुण्यात मुलांना अपूर्णांक शिकवते आणि वहिनी, जी दहावीला गणितात गटांगळ्या खाऊन वर आली, ती समुद्राला पाऊणकीत मोजते. हे मला पुष्कळ उशिरा दिसलं.

एके वर्षी मला वाटलं, हे असं कॅलेंडरवर लिहिणं फार झालं, आपण नीट नियोजन करू. मी संगणकावर तक्ता केला. प्रत्येक जागेसमोर तिथे पोचायची वेळ, अंतर, थांबायची मिनिटं, वेगवेगळे रंग. इंटरनेटवरच्या लोकांनी लिहिलेलं वाचून एका दिवसात सहा ठिकाणं कोंबली. वहिनीने तक्ता पाहिला, छान आहे म्हणाली. आम्ही हरवळ्याचा धबधबा बघायला गेलो. मे महिन्यात. काळा कातळ आणि त्याच्या एका कडेने मुलांनी बाटली धुवावी एवढं पाणी. तिथून देवळात गेलो तर देव दुपारचे झोपलेले, दाराला कडी. मयेच्या तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर, मुलं रडकुंडीला आणि नवरा बोलायचा बंद झालेला. तक्त्याप्रमाणे आम्ही रात्री आठला घरी येणार होतो. आलो दुपारी साडेतीनला. ओसरीवर पाय ठेवला तर आतून फोडणीचा वास आला. वहिनीने भात नुकताच उतरवला होता. आम्ही किती वाजता हरून परत येणार हेही तिने काढून ठेवलं होतं. त्यानंतर मी तक्ता केला नाही.

तिच्या कागदावर कधीही सहा ठिकाणं नसतात. एक असतं, फार तर दीड. पण ते असं की त्या दिवशी, त्या वेळी तिथेच जावं. पालयेच्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर समुद्रातून आल्यावर जायचं, म्हणजे अंगावरचं मीठही निघतं आणि दमलेल्या मुलांसाठी परत घरी आंघोळीला पाणी तापवावं लागत नाही. हरवळ्याला जायचंच तर धबधब्याच्या नादाला न लागता सकाळी लवकर, तिथल्या लेण्यांच्या दगडात रात्रीचा गारवा असतो तोवर. मयेला ऊन कलल्यावर. इब्रामपूरला सकाळी, काजूची बोंडं वेचायला बायका डोंगरावर असतात तेव्हा, आणि जाताना रिकामी बाटली न्यायची, कारण कोणीतरी ताजा निरो, बोंडांचा रस, दिल्याशिवाय सोडत नाही. बोंडांचा तो आंबूस-गोड वास गाडीच्या सीटला धरून राहतो आणि पुण्याला आल्यावर जून महिन्यात एखाद्या दिवशी गाडीचं दार उघडलं की अचानक नाकाशी येतो. मी तेव्हा शाळेच्या फाटकाशी उभी असते आणि घंटा होऊन गेलेली असते.

तिच्या कागदाचं व्याकरण समजायला मला पंधरा वर्षं लागली. शुक्रवार, रविवार, बुधवार हे समुद्राचे दिवस, कारण त्या दिवशी मासळी. पोहून आल्यावर भूक लागते, तेव्हा घरी बांगड्याची आमटी तयार. सोमवार देवळांचा, कारण सोमवारी आमच्या घरात मासे शिजत नाहीत. मुळगाव, शिरगाव, नार्वे अशी देवळं आणि परत येऊन वरण-भात, काकडीची कोशिंबीर. मला वाटायचं ही तिची श्रद्धा. श्रद्धा होतीच. पण त्यामागे एक दुसरंही होतं, ते पुढे सांगते.

तर दोन वर्षांपूर्वीचा तो मे. आम्ही पोचून दुसरा दिवस होता. वहिनी मागच्या दारी नळावर बसून कोळंबी सोलत होती आणि माझी मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची, शेजारी उकिडवी बसून तिला आदल्या वर्षीच्या तेरेखोलच्या गोष्टी सांगत होती. वहिनी विचारत होती. वर किल्ल्यातल्या चर्चच्या अंगणात सावली असते ना? पायऱ्या किती उंच? त्या टोकाच्या भिंतीपाशी उभं राहिलं की हरमलापर्यंत दिसतं म्हणतात, खरं का? मुलीने विचारलं, "मामी, तिथून आपलं घर दिसतं का गं? मी बघितलंच नाही."

वहिनी कोळंबीचा धागा काढत म्हणाली, "तां माका काय ठावक? तूच बघून ये नि सांग."

मी ओसरीच्या पायरीवर चहा पीत होते. कप तसाच हातात राहिला. मी विचारलं, वहिनी, तू कधी गेली नाहीस तेरेखोलला? ती म्हणाली, ना गो, आणि पुढची कोळंबी उचलली. अठ्ठावीस वर्षं ही बाई त्या नळावर उभी राहून तो किल्ला बघते आहे. फेरीबोट दहा मिनिटांच्या वाटेवर, नदी ओलांडायला त्याहून कमी वेळ, आणि माणसाला तिकीटही पडत नाही. दर मे महिन्यात ती आम्हाला तिकडे पाठवते, कितीची फेरी धरा नि कितीच्या आत परता हे पाऊणकी करून सांगते, कारण पाणी फार उतरलं की फेरी रेतीला टेकते आणि मग काही तास बंद असते. माझ्या आत्याची मुलं, दादाचे कचेरीतले लोक, नवऱ्याचे मित्र, सगळ्यांना तिने तेरेखोल दाखवला. आणि ती गेलेली नाही. मला आधी तिचा राग आला, मग दादाचा, आणि सगळ्यात शेवटी, रात्री पंख्याखाली पडल्यावर, माझा. आमच्या गाडीत सात जागा आहेत. आम्ही चौघं आणि कधीमधी दादा. उरलेल्या जागांवर आम्ही टॉवेल ठेवायचो.

दादाला मी दुसऱ्याच दिवशी धरलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. पेपर खाली न घेता म्हणाला, "तिका कोणी अडवल्यान?"

खरंच कोणी अडवलं नव्हतं. हेच तर त्यातलं कठीण होतं. भांडायला कोणी समोर असतं तर मी भांडले असते, मला ते जमतं. मी वहिनीला म्हटलं, उद्या तू चल, मी घरी थांबते, बाबांना वाढते. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवाच्या तांब्यातून चहा प्यायला मागितला. माहेरवाशिणीला स्वयंपाकघरात ठेवून आपण जावयाबरोबर फिरायला जायचं, हे तिच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. बरं, दादा रविवारी घरी असतो, रविवारी चल. रविवारी तर सकाळी मासळी येते, ती साफ करायची, जावईबापूंसाठी इसवण तळायचा. मंगळवारी गॅसवाला येणार. गुरुवारी कोणी पाहुणे. तिच्या सबबी खोट्या नव्हत्या. एकेक तपासून बघितली, सगळ्या खऱ्या निघाल्या.

त्या आठवड्यात मी फार वाईट प्रवासी होते. इब्रामपूरला काजूच्या झाडाखाली बसून मी निरो प्यायले आणि मनात म्हटलं, हे तिने पाहिलंय का? मयेच्या तळ्यावर ऊन सोन्यासारखं पसरलं, मुलं होडीत बसायला पळाली, आणि मला फक्त एवढंच सुचत होतं की घरी आत्ता ती आमच्या संध्याकाळच्या चहासाठी पाववाल्या पोदेराकडून उंडे घेत असेल. सकाळी पोदेर सायकलची घंटा वाजवत आला की ती बाहेर जाते, संध्याकाळी परत जाते. तिची दिवसभरातली बाहेरची वाट तेवढीच. वर्षातून एकदा वैशाखात लईराई देवीच्या जत्रेला ती शिरगावला जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या आत परत येते.

शनिवारी रात्री जेवताना मी कागदावरची सोमवारची ओळ वाचत होते. नार्वे, वरण-भात, कोशिंबीर. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मासे नाहीत म्हणजे सकाळी साफसफाई नाही, वाटण नाही, तळण नाही. कोशिंबिरीला विळीवर दहा मिनिटं. आठवड्यातला तो एकच दिवस होता ज्या दिवशी वहिनीच्या हाताला विसावा होता, आणि तो दिवस तिने देवाला दिला होता, तोही आमच्यामार्फत. आम्ही देवळात गेलो, बाबा आडवे झाले की घर तिला एकटीला मिळायचं. तिने मला नंतर सांगितलं, सोमवारी दुपारी ती नळाजवळच्या दगडावर बसायची. काही करायची नाही. समोर किल्ला असायचा.

रविवारी मी कागद-पेन्सिल घेतली. सोमवारी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, म्हणजे तीनला ओहोटी. त्याआधी दीड तास फेरी थांबणार, म्हणजे दीडची शेवटची. नऊच्या फेरीने जायचं, साडेबाराच्या फेरीने परत, पावणेएकला घर, एकला बाबांचं पान. मी हिशेब वहिनीसमोर ठेवला, पेपर तपासायला दिल्यासारखा. तिने बोट ठेवून ओळ ओळ बघितली. चूक सापडली नाही, याचंच तिला वाईट वाटलेलं दिसलं. मग तिने शेवटचा आधार धरला, "मामा काय म्हणतत ते बघ." सासऱ्यांना ती मामा म्हणते. बाबा आरामखुर्चीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले की जाऊ दे तिला, गोळी मी घेईन, एकपर्यंत येतच आहात.

सोमवारी सकाळी तिने वरण करून ठेवलं, तांदूळ धुऊन पातेल्यात काढले, काकडी चिरून झाकली. आल्या आल्या भात टाकायचा, म्हणजे गरम. जत्रेची हिरवी साडी नेसली, छत्री घेतली, कपडे दोरीवर घातले आणि दाराबाहेर पडून दोनदा परत आत गेली. धक्क्यापर्यंत आमच्याही पुढे चालत होती. गाडी आम्ही घरीच ठेवली. फेरीत मुलं वरच्या अंगाला धावली, नवरा फोटो काढायला लागला. वहिनी कठड्याला धरून उभी राहिली, आणि मला वाटलं होतं ती किल्ल्याकडे बघेल, पण ती पूर्ण वेळ पाण्याकडे बघत होती. पाणी काठोकाठ होतं. तिच्याच पाऊणकीने भरलेलं. इतकी वर्षं जे ती बोटांवर मोजत आली ते तिच्या पायाखालून वाहत होतं, आणि मला माझ्या वहिनीचा इतका अभिमान वाटला की मी उगाच मुलावर ओरडले, कठड्यावर चढू नको म्हणून.

वर जायला चढ आहे. ती हळूहळू चढली, मध्ये थांबली, पण छत्री उघडली नाही. चर्चच्या अंगणात तिने सावली कुठवर आली आहे ते बघितलं आणि मान हलवली, बरोबर, अकराला इथेच यायला हवी. मग ती टोकाच्या भिंतीपाशी गेली. खाली नदी समुद्रात मिसळताना दोन रंगांचं पाणी, पलीकडे केरीची लांब पांढरी रेती, सुरूची झाडं, त्यामागे हरमलाचा डोंगर. मुलगी तिच्या शेजारी जाऊन घर शोधायला लागली. वहिनीने बोट केलं. माडांच्या फटीत एक निळा ठिपका होता. सकाळी तिने वाळत घातलेली दादाची चादर.

 ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्सां थंयसून हंय बघलंय. आज हंयसून थंय बघतंय."

आणि खाली बसली. भिंतीच्या कडेला, सावलीत, पाय पसरून. मी तिला अशी पाय पसरून बसलेली कधी पाहिली नव्हती. घरात ती कायम टेकलेली असते, कशाच्या तरी काठावर, उठायच्या बेतात. आम्ही सगळे तिच्या आजूबाजूला बसलो. वारा होता. नवऱ्याने दोनदा घड्याळ बघितलं, मी एकदा. सव्वाबाराला मी उठले, साडी झटकली, साडेबाराची फेरी पलीकडून सुटताना दिसत होती. वहिनी म्हणाली, ही जाऊ दे, पुढची धरू. मला वाटलं दमली असेल. एक वाजता मी पुन्हा आठवण केली. ती समुद्राकडे बघत हं म्हणाली. आणि मग दीडची, शेवटची, धक्क्याला लागली. वरून माणसं मुंग्यांएवढी चढताना दिसत होती. आता धावलो असतो तरच मिळाली असती.

मी म्हटलं, वहिनी, फेरी.

तिने वळून बघितलं. पाणी कुठपर्यंत उतरलंय, रेतीचा पट्टा कुठे उघडा पडलाय, ते एका नजरेत तिने घेतलं. माझ्यापेक्षा तिला ते चांगलं कळत होतं. मग ती शांतपणे म्हणाली, "माका ठावक आसा, बाय. दीडची शेवटची. जावंदे तिका."

भोंगा झाला. फेरी मागे सरकली आणि वळली. ज्या बाईने आयुष्यात कोणाची फेरी चुकू दिली नाही, तिने स्वतःची डोळ्यांदेखत सोडली. पाच वाजेपर्यंत आता काही नव्हतं. माझा नवरा, जो एरवी दहा मिनिटं उशीर झाला तर तोंड फुगवतो, तो टोपी तोंडावर घेऊन गवतावर आडवा झाला. त्यासाठी मी त्याला पुढच्या कित्येक भांडणांत सूट दिली आहे.

पण बाबांचं काय? मी जरा लांब जाऊन फोन लावला.  बाबांना काडेपेटीही सापडत नाही, ही आमच्या घरातली जुनी चेष्टा. मी त्यांना सांगितलं की फेरी गेली, पाच वाजतील, धुतलेले तांदूळ पातेल्यात आहेत, शेजारच्या काकूंना हाक मारा.  त्यांनी विचारलं, ती कुठे आहे. मी म्हटलं, बसली आहे, समुद्राकडे बघत.

"बसांदे तिका," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

ती दुपार मला अजून तासातासाने आठवते. खाली वस्तीत एका घरी चहा आणि उसळ-पाव मिळाला. वहिनीने आयता पाव खाल्ला, आयता चहा प्यायला, आणि त्या घरच्या बाईला उसळीत काय घातलं ते विचारलं नाही. मुलांबरोबर शंख वेचले. एका दगडावर बसून पाय पाण्यात सोडले आणि मला शिरगावच्या गोष्टी सांगितल्या. खाणीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठून हिरवंगार तळं व्हायचं, तिथे जायची मुलींना बंदी होती, तरी ती आणि तिची बहीण लपून जायच्या आणि त्यालाच समुद्र म्हणायच्या. ती हसत होती. मी तिची नणंद आहे, तिच्याबद्दल दादाकडे कागाळ्या केलेली, तिच्या पहिल्या माशाच्या आमटीला नावं ठेवलेली.  मी तिला म्हटलं, वहिनी, आम्ही तुला कधी विचारलंच नाही गं. ती म्हणाली की मीही कधी सांगितलं नाही. आणि पाय पाण्यात हलवत राहिली.

साडेपाचला घरी पोचलो. दादा आधीच कचेरीतून आला होता, ओसरीवर बसला होता. वहिनी पायही न धुता आत गेली. ओट्यावर पातेलं होतं, त्याखाली सांडलेल्या पाण्याचा पांढरा डाग, सहा जळक्या काड्या. बाबा दारात येऊन उभे राहिले. ऐंशी वर्षांचा माणूस, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा.

"पेज केलंय," ते म्हणाले. "मीठ वायच जास्त पडला."

वहिनीने झाकण काढलं. तळाशी थोडी पेज उरली होती, घट्ट झालेली. उरली नव्हती, ठेवली होती. तिने वाटी घेतली, सगळी पेज तीत काढली आणि उभ्याउभ्या नव्हे, पाटावर बसून खाल्ली. आम्ही सगळे बघत होतो. मी नंतर पातेल्याच्या कडेला लागलेली शितं चाटून बघितली. खारट म्हणजे समुद्र. वहिनीने वाटी पुसून खाल्ली, वर बघितलं आणि म्हणाली, "बरी झाली हा." बाबा वळून आरामखुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटतं, त्या घरात त्यांनी ऐकलेलं ते सगळ्यात मोठं कौतुक असावं.

गेल्या वर्षी मुलीचे दहावीचे क्लास मे महिन्यातच सुरू झाले म्हणून आम्ही जाऊ शकलो नाही. पुण्याच्या उकाड्यात बसून मी तिला त्रिकोण सोडवायला देत होते आणि मधूनच विचार करत होते, आज कुठली तिथी, आत्ता तिकडे पाणी कुठवर असेल. वहिनीला फोन केला की ती सगळ्यांचं विचारायची, स्वतःचं काही सांगायची नाही. मला भीती वाटायची की ती एक दुपार तशीच एकटी राहून जाईल, दुसरी येणार नाही. एकदा केलेली हौस आणि मग पुन्हा नळ, कोळंबी, पोदेराची घंटा. मी पुन्हा आग्रह करायचा, तिने पुन्हा सबबी सांगायच्या. माणसाच्या सवयी समुद्रासारख्या सहा तासांत उलट्या फिरत नाहीत.

आणि काल हा फोटो. शुक्रवार, सप्तमी, सव्वापाच, केरीची रेती, बांगडे. शनिवारी इब्रामपूर, बाटली आणा. रविवारी पालयेचं तळं, इसवण. सगळं नेहमीसारखं, त्याच निळ्या पेनाने, त्याच तिरप्या अक्षरात. फक्त सोमवारच्या ओळीत नार्वे नाही, मुळगाव नाही, तेरेखोलही नाही. जागेचं नाव लिहायचा रकाना तिने कोराच ठेवलाय. तिथीसुद्धा लिहिलेली नाही, म्हणजे भरती-ओहोटी बघायची नाही, फेरी कितीची ते मोजायचं नाही. जेवणाच्या रकान्यात मात्र चार शब्द आहेत, बाकीच्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरात.

मामा आपली पेज करतले.